वायुविहिरींच्या पुनरुज्जीवनाचा नागपुरातील अभ्यासवर्ग : एक परीक्षण

हिंगणा मार्गावरील एका खाजगी प्रशिक्षण संस्थेने ‘जुन्या वायुविहिरींचे पुनरुज्जीवन आणि जमिनीवरील नवे उत्पादन’ या विषयावर आठवडाभराचा अभ्यासवर्ग सुरू केला आहे. कोळशाच्या पूर्वेक्षणात भूवैज्ञानिक म्हणून काम करणारा मी त्याच्या ताज्या तुकडीत बसलो होतो. वर्गात भूविज्ञानाचे आणि खाणकाम अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते, कोअर ड्रिलिंगच्या, म्हणजे खडकाचा सलग नमुना काढणाऱ्या खोदकामाच्या, रिगवर काम केलेले काही तंत्रज्ञ होते आणि वायू-उद्योगाला यंत्रसामग्री पुरवू पाहणारे बुटीबोरीचे दोन उद्योजकही होते. माझे मत आधीच सांगतो. जुनी विहीर का थकते आणि तिचे निदान कसे करायचे, हे या वर्गात जितके चांगले शिकवले जाते तितके चांगले मी विदर्भात दुसरीकडे शिकवलेले पाहिलेले नाही. नव्या उत्पादनाचा भाग मात्र अपुरा आहे आणि विहीर कायमची बंद करण्याचा विषय तर जवळजवळ सोडूनच दिलेला आहे. शुल्क हलके नसल्यामुळे या दोन्ही बाजू प्रवेश घेणाऱ्याला आधीच माहीत असायला हव्यात.

असा वर्ग नागपुरात भरावा, याचे काहींना आश्चर्य वाटले. विदर्भात वायू देणारी विहीर नाही, ही गोष्ट खरी आहे. पण जमिनीत खोल भोक पाडून खालचा खडक वाचण्याची विद्या या शहरात मुरलेली आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या एमईसीएल या खनिज-पूर्वेक्षणाच्या सरकारी कंपनीचे मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्रीय कार्यालय इथे आहे, वेस्टर्न कोलफील्ड्सचा कारभार इथून चालतो आणि वायूचे सिलिंडर व दाबपात्रे यांना परवाने देणाऱ्या पेसो या केंद्रीय संघटनेचे मुख्यालयही नागपुरातच आहे. उमरेड, सावनेर, कामठी आणि वर्धा खोऱ्यातल्या कोळसापट्ट्यांत रिग चालवलेला मुलगा अंकलेश्वर, बाडमेर, आगरतळा किंवा राजमहेंद्रीच्या वायुक्षेत्रात काम मागायला जातो, तेव्हा त्याला अगदी शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. त्याच्याकडे एकच दुवा नसतो. घन खडकाचा नमुना वर काढणे आणि दाबाखालचा वायू सुरक्षितपणे वर आणणे, या दोन कामांमधला फरक त्याला कोणी समजावून सांगितलेला नसतो. हा वर्ग तो दुवा पुरवू पाहतो, आणि म्हणूनच त्याची नीट तपासणी व्हावी असे मला वाटते.

पहिले दोन दिवस निदानाला दिले होते आणि तेच सर्वांत भरीव ठरले. शिकवणारे गृहस्थ गुजरात आणि आसामच्या तेलक्षेत्रांत वर्कओव्हर रिगवर, म्हणजे जुन्या विहिरींची दुरुस्ती करणाऱ्या रिगवर, अनेक वर्षे पर्यवेक्षक होते. त्यांनी सुरुवातीलाच एक भेद स्पष्ट केला. विहिरीचे उत्पादन घटले म्हणजे खालचा साठा संपला असे नसते. साठा खरोखर संपत आला आहे, की साठा शाबूत असून वायूला वर येण्याची वाट अडली आहे, हे आधी ठरवावे लागते. पहिल्या स्थितीत विहिरीवर खर्च करणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय. दुसऱ्या स्थितीत मात्र तुलनेने थोड्या खर्चात पुष्कळ वायू मिळू शकतो, कारण भोक, केसिंग (भोकाला आतून आधार देणारी पोलादी नळी), जागा, रस्ता आणि गोळाकेंद्रापर्यंतची नळी हे सारे आधीच तयार असते.

वाट अडण्याची कारणे त्यांनी एकामागून एक सांगितली. वायू आत यावा म्हणून केसिंगला छिद्रे पाडलेल्या पट्ट्यात क्षार साचतात, वाळू आत येते, ट्युबिंग, म्हणजे केसिंगच्या आतली वायू वर आणणारी नळी, गंजून तिला भोके पडतात, केसिंगमागचे सिमेंट सैल होऊन वरच्या थरातले पाणी खाली उतरते, किंवा आधीच्या दुरुस्तीत वापरलेल्या जड द्रवाने वायुधारक थराची रंध्रे बुजतात. या शेवटच्या कारणावर ते बराच वेळ बोलले. विहीर दुरुस्त करायची तर ती आधी शांत करावी लागते, शांत करण्यासाठी तिच्यात जड द्रव भरावा लागतो, आणि ज्या साठ्याचा दाब आधीच उतरलेला असतो तो हा द्रव स्पंजासारखा शोषून घेतो. त्यामुळे दुरुस्तीनंतर विहीर आधीपेक्षा कमी वायू देते, असे प्रत्यक्षात घडते. कमी दाबाच्या विहिरीत कॉइल्ड ट्युबिंग (रिळावरून सोडायची लांब, लवचिक नळी) उतरवून नायट्रोजनने द्रव बाहेर काढणे किंवा विहीर शांत न करताच दाबाखाली काम करणे हे उपाय महाग का असतात आणि तरीही काही वेळा तेच स्वस्त का पडतात, हे या विवेचनातून नीट उमगले.

सर्वांत जास्त मनात राहिले ते त्यांनी दाखवलेले प्रात्यक्षिक. वर्गाच्या कोपऱ्यात छतापर्यंत पोचणारी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची नळी उभी केलेली होती. तिच्या तळाशी छोट्या कॉम्प्रेसरची हवा आणि पाण्याची बारीक धार एकत्र सोडलेली होती. हवेचा वेग भरपूर असताना पाण्याचे थेंब धुक्यासारखे वर निघून जात होते आणि नळी जवळजवळ कोरडी दिसत होती. त्यांनी झडप हळूहळू आवळली. आधी नळीच्या आतल्या अंगाला पाण्याचा पातळ पापुद्रा दिसू लागला. थोड्या वेळाने तो पापुद्रा वर चढेनासा झाला, जागच्या जागी थरथरला आणि मग खाली घसरू लागला. तळाशी पाणी साचले, हवा त्यातून बुडबुडे काढत अडखळत वर येऊ लागली आणि शेवटी तीही थांबली. कॉम्प्रेसर चालूच होता, हवा संपलेली नव्हती, तरीही नळी ‘मेली’. नंतर त्यांनी साबणाची एक कांडी वरून आत टाकली. काही क्षणांत तळाच्या पाण्याचा फेस झाला आणि हलका झालेला तो सगळा स्तंभ त्याच कमी वेगाच्या हवेवर वर ढकलला जाऊन तोंडातून बाहेर सांडला.

विहिरीत द्रव साचणे म्हणजे नेमके काय, हे पुस्तकातल्या कितीही पानांनी इतके स्पष्ट झाले नसते. थेंब वर नेण्यासाठी वायूला किमान किती वेग हवा याचे गणित टर्नर, हबर्ड आणि डकलर या तिघांनी १९६९ साली मांडले आणि आजही क्षेत्रावर पहिला अंदाज त्याच सूत्राने घेतला जातो. प्रात्यक्षिकानंतर ते सूत्र फळ्यावर आले, तेव्हा वर्गातल्या एकालाही ते परके वाटले नाही. पुढचे उपायही आपोआप समजत गेले. जाड ट्युबिंगच्या आत बारीक नळी सोडली की तोच वायू अधिक वेगाने वाहतो. प्लंजर नावाचा धातूचा दट्ट्या विहिरीच्या स्वतःच्या दाबावर खालीवर करत साचलेले पाणी टप्प्याटप्प्याने उपसतो. विहिरीच्या तोंडाशी कॉम्प्रेसर बसवला की वरचा दाब उतरतो आणि वायूचा वेग वाढतो. ५०० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तळावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५० किलोचा दाब टाकतो. म्हाताऱ्या साठ्याकडे एवढा दाब उधळायला नसतो, म्हणून हे साचलेले पाणी काढणे हा पुनरुज्जीवनाचा सर्वांत स्वस्त आणि बहुतेक वेळा सर्वांत फलदायी मार्ग ठरतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी साठ्याचा हिशेब करायला लावला. विहीर काही काळ बंद ठेवून मोजलेल्या दाबाला वायूच्या विचलन-गुणांकाने (वायू आदर्श वायूपेक्षा किती वेगळा वागतो ते सांगणाऱ्या आकड्याने) भागायचे आणि तो आकडा आतापर्यंत काढलेल्या वायूसमोर आलेखावर मांडायचा. साठा बंदिस्त असेल, बाजूने पाणी आत रेटले जात नसेल, तर बिंदू सरळ रेषेत पडतात आणि ती रेषा खाली वाढवली की मूळ साठा कळतो. सरावासाठी दिलेल्या काल्पनिक विहिरीत हा आकडा सुरुवातीला २४० होता आणि १० कोटी घनमीटर वायू काढल्यावर १८० झाला. म्हणजे मूळ साठा ४० कोटी घनमीटरचा. आकडा ६० पर्यंत उतरल्यावर विहीर सोडून द्यायची, असे ठरवले तर एकूण ३० कोटी हाती लागतात. तोंडाशी कॉम्प्रेसर बसवून तीच मर्यादा ३६ पर्यंत खाली नेली तर ३४ कोटी मिळतात. मधल्या ४ कोटी घनमीटरांतून कॉम्प्रेसरचा, त्याच्या इंधनाचा आणि देखभालीचा खर्च निघतो का, एवढाच प्रश्न मग उरतो. रिगवर काम केलेल्या ज्या तंत्रज्ञांना आलेखांची धास्ती वाटत होती, त्यांनीही हे उदाहरण स्वतःच्या हाताने सोडवले. अशी उदाहरणे आणखी हवी होती.

सुरक्षिततेचे सत्र गंभीर होते आणि ते तसेच असायला हवे. जुन्या विहिरीवरचे काम नव्या विहिरीपेक्षा सोपे असते, हा समज त्यांनी बागजानच्या घटनेने खोडून काढला. आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात ऑइल इंडियाच्या बागजान येथील ५ क्रमांकाच्या विहिरीवर वर्कओव्हर चालू असताना २७ मे २०२० रोजी वायू अनियंत्रितपणे उसळला, ९ जूनला त्याने पेट घेतला, अग्निशमन दलाच्या दोन कर्मचाऱ्यांचा जीव गेला आणि हजारो लोकांना घरे सोडून छावण्यांत राहावे लागले. शेजारीच मागुरी-मोटापुंग बील ही पाणथळ जागा आणि दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आहे. विहीर पूर्णपणे शांत करायला १५ नोव्हेंबर उजाडला. दुसरा सुरक्षा-अडथळा तपासून त्याची खात्री करून न घेताच बीओपी, म्हणजे उसळणारा वायू रोखण्यासाठी विहिरीच्या तोंडावर बसवलेला झडपसंच, काढला गेला, असा ठपका चौकशी समितीने ठेवला. जून २०२५ मध्ये शिवसागर जिल्ह्यातल्या रुद्रसागर क्षेत्रात एका जुन्या विहिरीवर वेगळ्या थरातून उत्पादन घेण्याचे काम चालू असताना असाच वायू उफाळला आणि तो आवरायला दोन आठवडे लागले. कोळशाच्या कोअर ड्रिलिंगमध्ये आपण ज्या सहजतेने रॉड काढतो आणि घालतो, ती सहजता इथे माणसे मारू शकते. विहिरीत प्रत्येक क्षणी तपासलेले दोन अडथळे असलेच पाहिजेत आणि त्यांतला एक काढण्याआधी त्याची जागा घेणारा दुसरा सिद्ध झालेला असला पाहिजे, हा नियम त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याकडून स्वतःच्या शब्दांत लिहून घेतला. ही पद्धत मला फार आवडली.

नव्या उत्पादनाच्या भागाला एकच दिवस होता आणि वक्ते बदलले होते. धोरणांची यादी वाचून दाखवण्यात सकाळ गेली. त्यातला एक मुद्दा मात्र या अभ्यासवर्गाच्या मुळाशी जाणारा होता आणि त्यावर अधिक बोलले जायला हवे होते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशी वायूच्या दराची पद्धत बदलली. नामनिर्देशनाने, म्हणजे लिलावाशिवाय सरकारी कंपन्यांना, मिळालेल्या जुन्या क्षेत्रांतल्या वायूचा दर भारतात येणाऱ्या कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या १० टक्के ठरला, त्याला तळाची आणि वरची मर्यादा घातली गेली आणि त्याच क्षेत्रांत नव्या विहिरीतून किंवा विहिरीत हस्तक्षेप करून मिळवलेल्या वायूला २० टक्के अधिक दर देण्याची मुभा मिळाली. थकलेल्या विहिरीवर खर्च करावा की नाही, याचे उत्तर काही ठिकाणी या २० टक्क्यांनीच बदलते. दुसऱ्या दिवशीचे ४ कोटी घनमीटरांचे उदाहरण हाताशी होते, ते दोन्ही दरांनी सोडवून घेतले असते तर भूविज्ञान आणि अर्थकारण यांची गाठ तिथेच पडली असती. भारत आपल्या गरजेचा साधारण निम्मा वायू आयात करतो. त्या पार्श्वभूमीवर हा हिशेब निव्वळ परीक्षेपुरता नाही.

दुपारी कोळशाच्या थरांतल्या मिथेनवर, म्हणजे सीबीएमवर, थोडे बोलणे झाले. नागपूरच्या श्रोत्यांसाठी खरे तर हाच विषय सर्वांत जवळचा आहे. या वायूचे पहिले धोरण १९९७ साली आले, २००७ मध्ये राणीगंज कोळसाक्षेत्रातून व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात शहडोलजवळच्या सोहागपूर क्षेत्रातून २०१७ पासून वायू निघतो आहे, तो ३०२ किलोमीटरच्या नळीने उत्तर प्रदेशातल्या फुलपूरपर्यंत जातो. कोळशात वायू रंध्रांत मोकळा नसतो, तो कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटलेला असतो. म्हणून आधी महिनोन्महिने पाणी उपसून दाब उतरवावा लागतो आणि त्यानंतर वायू सुटू लागतो. नेहमीच्या वायुविहिरीचे उत्पादन पहिल्या दिवसापासून घटत जाते, तर सीबीएम विहिरीचे आधी वाढत जाऊन मग उतरते. कोअर वर येताच तो डब्यात हवाबंद करून त्यातून सुटणारा वायू मोजण्याचे काम इथल्या कित्येक तंत्रज्ञांनी स्वतः केलेले आहे. वक्त्यांनी त्यांना बोलते केले असते तर तो तास संपूर्ण वर्गाला उपयोगी पडला असता. प्रत्यक्षात तो चित्रफितींवर संपला.

राजस्थानातल्या रागेश्वरी क्षेत्रात ज्वालामुखी खडकांतून वायू काढला जातो आणि खडक अतिशय घट्ट असल्यामुळे त्याला दाबाने तडे पाडावे लागतात, हे उदाहरण केवळ ओझरते आले. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स यांचा ज्वालामुखी खडकच ज्यांच्या पायाखाली आहे त्या विद्यार्थ्यांना ज्वालामुखी खडकात वायू कसा साठतो, हे ऐकायला आवडले असते. एकाने प्रश्न विचारलाही, पण उत्तर मिळेपर्यंत चहाची वेळ झाली.

आता उणिवांविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. माहितीपत्रकात ‘क्षेत्रभेट’ असे छापले होते. प्रत्यक्षात एका कार्यशाळेत ठेवलेली जुनी ख्रिसमस ट्री (उत्पादन देणाऱ्या विहिरीच्या तोंडावरची झडपांची जुळणी) आणि बीओपीचा कापून उघडा केलेला नमुना दाखवला गेला. नमुना उत्तम होता, त्यातले रॅम, म्हणजे विहीर बंद करणारे ठोकळे, हाताने सरकवून पाहता येत होते आणि गंजाने चाळणी झालेला ट्युबिंगचा तुकडाही शेजारी ठेवलेला होता, पण चालू वायुविहीर पाहायला मिळेल या अपेक्षेने पैसे भरलेल्या विद्यार्थ्यांची निराशा झाली. शेकडो किलोमीटर दूरच्या क्षेत्रावर परवानगी काढून तुकडी नेणे कठीण आहे, हे मला कळते. तरीही पत्रकात खरे काय ते छापावे. छापील टिपणे पूर्णपणे इंग्रजीत होती, तर शिकवणे हिंदी आणि मराठीत चालले होते. आयटीआय शिकून रिगवर गेलेल्या मुलांना त्या टिपणांचा घरी उपयोग होणार नाही.

प्रमाणपत्राविषयी पालकांनी विशेष जागरूक राहावे. या वर्गाचे प्रमाणपत्र हे उपस्थितीचे प्रमाणपत्र आहे. ड्रिलिंग आणि वर्कओव्हर रिगवर जबाबदारीच्या जागांसाठी आयडब्ल्यूसीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेसारख्या मान्यताप्राप्त संस्थेची विहीर-नियंत्रणाची परीक्षा वेगळी द्यावी लागते. संस्थेच्या प्रतिनिधीने विचारल्यावर हे प्रामाणिकपणे सांगितले, पण विचारल्यावरच सांगितले.

सर्वांत मोठी त्रुटी म्हणजे विहीर कायमची बंद करण्याच्या विषयाला मिळालेला अर्धा तास. निदान केल्यावर काही विहिरी पुनरुज्जीवनाच्या पलीकडे गेलेल्या निघणारच. त्यांच्या वायुधारक थरांसमोर आणि गोड्या पाण्याच्या थरांच्या तळाशी सिमेंटचे अडथळे बसवून, त्यांची दाबचाचणी घेऊन, वरचे केसिंग कापून जमीन पूर्ववत केली नाही, तर तीच विहीर पुढे मिथेन गळत राहते आणि गावाच्या विहिरींचे पाणी बिघडवू शकते. शेतकऱ्याच्या जमिनीवर हे काम चालते. मुंबई-नागपूर-झारसुगुडा वायुवाहिनीसाठी भूमीचा वापरहक्क देताना आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी जे प्रश्न विचारले, तेच प्रश्न वायुक्षेत्रांतला शेतकरी विचारतो : काम संपल्यावर माझे वावर मला पहिल्यासारखे मिळेल का? विहीर पुन्हा उभी करायला शिकणाऱ्या अभियंत्याला या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर देता आलेच पाहिजे.

बाकी व्यवस्था ठीक होती. वर्ग वेळेवर सुरू होत, बसायची जागा पुरेशी होती आणि जेवण साधे पण चांगले होते.

हा वर्ग कोणी करावा? भूविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने आणि कोअर ड्रिलिंगचा अनुभव असलेल्या तंत्रज्ञाने जरूर करावा, कारण पहिल्या दोन दिवसांचे निदान आणि तिसऱ्या दिवसाची सुरक्षितता यांसाठी दिलेले पैसे वाया जात नाहीत. केवळ नोकरीच्या आशेने प्रमाणपत्र मिळवू पाहणाऱ्याने घाई करू नये. यंत्रसामग्री पुरवणाऱ्या उद्योजकांनी पूर्ण शुल्क भरण्यापेक्षा द्रव साचण्याचे आणि कॉम्प्रेशनचे सत्र स्वतंत्रपणे घेता येईल का, अशी विचारणा करावी. बुटीबोरीच्या ज्या दोघांचा वर उल्लेख केला, त्यांनी शेवटच्या दिवशी तशी विनंती केली आणि संस्थेने ती नाकारली नाही. टिपणांचे मराठी भाषांतर आणि विहीर बंद करण्यावर एक पूर्ण दिवस, या दोन मागण्या मी अभिप्रायपत्रात लेखी दिल्या आहेत. प्रवेश घेण्यापूर्वी फोन करणाऱ्या प्रत्येकाने त्यांविषयी विचारावे, म्हणजे पुढच्या तुकडीच्या वेळापत्रकात त्या येण्याची शक्यता वाढेल.